एमए सायकॉलॉजी झालं, आता महाराष्ट्रात काम कुठं शोधायचं?

एमएच्या शेवटच्या सेमिस्टरची पोरं-पोरी भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो. ताई, माझं स्पेशलायझेशन क्लिनिकल आहे, म्हणजे मी आता क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ना? नाही रे बाबा. मार्कशीटवर ठळक अक्षरात छापलेलं असलं तरी नाही. ते नाव लावायला आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि विद्यापीठाच्या नेहमीच्या एमएवर ते मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे कोण हे स्पष्ट लिहिलंय, आरसीआयने मान्य केलेला कोर्स किंवा एमएनंतर दोन वर्षांचं फुल टाइम एमफिल, तेही सुपरव्हिजनखाली प्रत्यक्ष पेशंट बघून. हे खरं तर बीएच्या पहिल्या वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहून ठेवायला पाहिजे, पण बहुतेक कॉलेजात फ्रॉईडपासून सुरुवात होते आणि हा विषय निघेपर्यंत पोरांचं एमए संपत आलेलं असतं.

त्यात आता एमफिलच बंद होतंय. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल काढून टाकलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला तेवढी २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची मुभा दिली. त्याच्या जागी आरसीआयने स्वतःच्या मान्यतेचं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एमए आणलंय, सायडी (क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) आहेच. नाव सारखंच असल्यामुळे गोंधळ वाढलाय. म्हणून फी भरायच्या आधी आरसीआयच्या साइटवर जाऊन त्या कॉलेजचं नाव मान्यता यादीत आहे का, आणि तुमच्या वर्षासाठी आहे का हे स्वतः बघा, ऑफिसातले सर 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले तर गोड हसून बाहेर पडा. घरबसल्या एमए करायचा रस्ताही बंद झालाय, यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ पासून सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन प्रवेश थांबवलेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बायकांचं त्यात सगळ्यात जास्त नुकसान झालं असं मला वाटतं, पण ऑनलाइन शिकून पेशंटसमोर बसणं मलाही पटत नव्हतं, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार.

आता काम. रजिस्ट्रेशन असेल तर ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममध्ये सायकियाट्रिस्टसोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. रजिस्ट्रेशन नसेल तर जाहिरातीत 'समुपदेशक' शोधा. सिव्हिलमध्ये एचआयव्ही तपासणीचं आयसीटीसी सेंटर असतं तिथला समुपदेशक, किशोरवयीन मुलांसाठीच्या मैत्री क्लिनिकमधला समुपदेशक, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन घेणारे लोक. यातलं बरंचसं कंत्राटी, म्हणजे दरवर्षी ऑर्डर रिन्यू होईपर्यंत जीव टांगणीला, शिवाय एमएसडब्ल्यूवाले, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स केलेले, त्याच लाईनीत उभे असतात आणि खरं सांगायचं तर फील्डवर्कमुळे मुलाखतीत ते आपल्यापेक्षा जास्त ठाम बोलतात. पण शिकायला मिळतं ते भरपूर. मी स्वतः आयसीटीसीत काम केलंय, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला पुढच्या दहा मिनिटांत काय सांगायचं, बायकोला कोण सांगणार, गावात कळलं तर काय, हे कुठल्याच पेपरात नव्हतं.

शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट करा, पण कायम पदाची वाट बघत बसायची तयारी ठेवा. तोवर सीएचबी, तासाप्रमाणे पैसे आणि तेही कधी येतील तेव्हा.

शाळांमध्ये मात्र काम वाढलंय. मुंबई-पुण्यातल्या शाळा काउन्सेलर ठेवतात, मग त्याच काउन्सेलरला ऑफ तासाला वर्गावर पाठवतात आणि गॅदरिंगचं सूत्रसंचालनही देतात, ते वेगळं. पण यातला खरा कामाचा भाग लर्निंग डिसॅबिलिटीचा आहे. अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्येच सुरुवात केली, देशात सगळ्यात आधी. सवलतीसाठी सर्टिफिकेट लागतं, त्याआधी बुद्ध्यांक चाचणी, म्हणून टेस्टिंग नीट येणाऱ्या माणसाला मागणी आहे. मुलांसाठी आपल्याकडे सर्रास वापरतात ती मालिनची चाचणी नागपुरातच तयार झाली, वेक्सलरच्या चाचणीवरून. आणि कामतांची बिने-कामत त्याच्याही आधीची, १९३४ ची, मराठी आणि कन्नड मुलांवर बेतलेली. इतक्या जुन्या नॉर्म्सवर, म्हणजे तेव्हाच्या मुलांच्या गुणांवरून ठरवलेल्या मापांवर, आजच्या मुलाचा बुद्ध्यांक काढताना आकड्याला किती चिकटायचं याचं तारतम्य लागतं, ते मॅन्युअलमध्ये मिळत नाही. या दोन्ही चाचण्या हात बसेपर्यंत घ्या, शेजारच्या पोरांवर, भाच्यांवर, जमेल तिथे.

आणि कृपा करून बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगणाऱ्या डीएमआयटीच्या धंद्यात जाऊ नका. नोकरीच्या नावाखाली एमएच्या पोरींना टार्गेट देऊन शाळाशाळांत फिरवतात. त्याला शास्त्रीय आधार शून्य आहे आणि पालकांसमोर तुमची डिग्री दाखवून ते खपवलं जातं.

जिल्ह्याच्या गावी राहून काम करायचं असेल तर सगळ्यात व्यवहार्य म्हणजे एखाद्या सायकियाट्रिस्टच्या ओपीडीत बसणं. केसेस मिळतात, औषधं कळायला लागतात, डॉक्टर बरा असेल तर सुपरव्हिजनही फुकट मिळते. फक्त पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, पैसे महिन्याचे की केसमागे. दुसरं म्हणजे टेस्ट तुम्ही घेतली तर रिपोर्टवर सही कोणाची, कारण दिव्यांग सर्टिफिकेटसाठी जाणाऱ्या रिपोर्टवर रजिस्ट्रेशन नसलेल्या माणसाची सही चालत नाही, आणि 'करा हो, कोण बघतंय' म्हणणारे भेटतात, तिथे सही करू नका.