पाय आखडला म्हणजे वेदना कळली, असे नव्हे

दुचाकीच्या धडकेत सापडलेले दोन-अडीच महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू आमच्या निवाऱ्यात आले, तेव्हा त्याचे मागचे दोन्ही पाय फरफटत होते. आणणाऱ्यांनी ते पोत्यात गुंडाळून आणले होते. मणक्याला मार बसलेला प्राणी फळीवर आडवा ठेवूनच हलवायचा असतो, ही साधी गोष्ट कोणालाच कशी ठाऊक नसते, याचा मला दर वेळी त्रास होतो. त्याआधी एका दवाखान्यात केवळ एक्स-रे पाहून त्याला कायमचे झोपवण्याचा सल्ला देण्यात आला होता. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. निदान पायाच्या बोटाला चिमटा काढून तरी पाहायला हवे होते.

चिमटा काढल्यावर पाय आखडला की लोक हरखतात. परंतु ती प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि मेंदूपर्यंत संदेश पोहोचत नसतानाही घडते. पिल्लाने मान वळवली, केकाटले किंवा चावायला आले, तरच त्याला वेदना कळली असे मानायचे. चिंगीने (हे नाव आमच्या मावशींनी ठेवलेले) डाव्या पायाच्या चिमट्याला मान वळवली, उजव्याच्या नाही. तेवढ्या आधारावर आमच्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले.

सुरुवातीला पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती दिली आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच मालिश सुरू केले. यात तेल नसते आणि रगडणे तर मुळीच नसते. हात चोळून गरम करायचे, पंजापासून मांडीकडे हलक्या दाबाने वर सरकायचे, बोटांच्या बेचक्यांतून फिरवायचे आणि मग एकेक सांधा दुखणार नाही इतकाच दुमडून सरळ करायचा. दुखावलेल्या मणक्याला मात्र हात लावायचा नाही. चिंगीची उजवी मांडी बोटांखाली सैल कणकेसारखी लागत असे. सर्वांत अवघड काम मूत्राशय दाबून लघवी काढण्याचे असते, कारण ती साठून राहिली तर संसर्ग होतो आणि गळत राहिली तर कातडी सोलवटते. हे काम मावशींना माझ्यापेक्षा चांगले जमते. चाकांच्या गाडीवर बसलेल्या कुत्र्याच्या छायाचित्रासाठी देणग्या येतात, पण डायपर आणि अंथरुणांसाठी फारसे कोणी देत नाही.

पुढे पोटाखाली टॉवेलची झोळी धरून आम्ही तिला गोणपाटावर उभे करू लागलो. उलटा पडलेला पंजा दर पावलाला हाताने सरळ टेकवावा लागे. एके दुपारी झोळी सैल असताना ती मावशींच्या हातातल्या वाडग्याकडे स्वतःच दोन-चार पावले गेली. सर्वांनी मोबाईल काढले. मी मात्र उजव्या बोटाला चिमटा काढून पाहिला आणि तिने मान वळवली नाही.

ती आता तिरपी का होईना, धावते. मज्जारज्जूची सूज उतरल्यामुळे ती आपोआपच उभी राहिली असती, की हातांचाही त्यात वाटा आहे, हे मला एका पिल्लावरून ठरवता येत नाही. तिचे सांधे आखडले नाहीत आणि अंगाला जखमा झाल्या नाहीत, त्यामुळे बळ परतले तेव्हा पाय वापरण्याजोगे होते, एवढे मी खात्रीने सांगू शकते. तिला दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने ती पूर्ण बरी होईल का, असे विचारले. तसे आश्वासन मी दिले नाही. उजवा पंजा घासून जखम झाली तरी तिला कळणार नाही, म्हणून बाहेर नेताना मोजा घालावा आणि रोज रात्री तळवा उजेडात नीट पाहावा, असे मी त्यांना लिहून दिले आहे.