मेंदीनंतरच्या राठ केसांनी आम्हाला काय काय करायला लावलं

आमच्या मेंदीच्या पाकिटावर पुढे पानांची एक फांदी आहे आणि मागची बाजू वरपासून खालपर्यंत सूचनांनी भरलेली आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त सूचना मेंदी लावण्याच्या नाहीतच. ती धुण्याच्या आणि धुतल्यानंतरच्या आहेत. पाकिटाची मांडणी करणारा मुलगा ते बघून म्हणाला होता, "मॅडम, एवढं कोण वाचणार?" वाचतात. ज्या वाचत नाहीत त्या फोन करतात आणि मग आम्ही त्यांना तेच वाचून दाखवतो.

हा व्यवसाय मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून चालवतो. सुरुवात सरधोपट होती. तयार पूड पोत्याने घ्यायची, छोट्या पाकिटांत भरायची, ओळखीच्या पार्लरवाल्यांना द्यायची. रंगाबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. पण एक तक्रार सगळीकडून, जवळपास त्याच शब्दांत यायची: "रंग झकास आला हो ताई, पण केसांचा नुसता काथ्या झालाय." यावर बाजारात एक ठरलेलं उत्तर होतं. मेंदी म्हटली की केस कोरडे होणारच, वरून तेल लावा. दुकानदार तेच सांगत, पार्लरवाल्याही तेच सांगत, आणि गिऱ्हाईक ते ऐकून घेऊन पुढच्या वेळी दुसरी कुठली तरी मेंदी घेई.

धाकटीला हे उत्तर पचत नव्हतं. ती रसायनशास्त्र शिकलेली, लग्नाआधी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मालाच्या तपासणीचं काम करायची. "होणारच म्हणजे कशामुळे, वहिनी?" हा तिचा प्रश्न, आणि आमचा खरा धंदा तिथून सुरू झाला असं मी मानते.

तिने आधी सगळ्यात सोपी गोष्ट केली. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चमचाभर पूड, ढवळून थोडा वेळ तसंच ठेवलं. वरचं हिरवट पाणी हळूच ओतून टाकलं तर तळाशी बारीक रेती. मग पूड जाळून उरलेल्या राखेवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. वनस्पतीतले बहुतेक क्षार त्यात विरघळतात, वाळू तशीच मागे राहते. ती वजन करून मोजता येते. वनस्पतींच्या पुडीत भेसळ किंवा माती किती आहे हे पाहण्याची ही जुनी, सर्वमान्य पद्धत आहे. त्याच पुडीत चाळणीवर देठांचे आणि शिरांचे तुकडेही मिळाले.

यात पुरवठादाराची लबाडी असतेच असं नाही. मेंदीचं झुडूप कोरड्या, उष्ण हवेत, रेताड जमिनीत छान वाढतं. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत तर त्यासाठीच ओळखलं जातं. 'सोजत मेंदी'ला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. कापलेल्या फांद्या उन्हात वाळवून, झोडपून पाला वेगळा करतात, तेव्हा वाळू येणारच. ती पुढे काढायची की पाल्याबरोबर दळून वजनात धरायची, हे ज्याच्या त्याच्या हातात असतं.

आता केसाचं बघा. केसाच्या बाहेरच्या थरावर एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात, त्याला क्युटिकल म्हणतात. ते सपाट बसलेले असले की केस गुळगुळीत लागतो आणि चमकतो. त्यांच्यात वाळूचे कण आणि पाल्याचे धागे अडकून राहिले, वरून आपण फणी फिरवली, की घासणं आणि तुटणं आलंच. मेंदी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी हाताला जो भरभरीतपणा लागतो, त्यातला बराचसा हा न निघालेला चोथा असतो. केस कोरडे झालेलेच नसतात, ते नीट धुतलेले नसतात.

म्हणून आम्ही तयार पूड घेणं बंद केलं. निवडलेला पाला घ्यायचा, वाळू पाखडून काढायची, दळून झाल्यावर कापडातून गाळल्यासारखी बारीक चाळायची. चाळण वाया जाते, दर किलोमागे हातात माल कमी येतो, यंत्राला वेळ जास्त लागतो. हिशेबाच्या वहीत हा निर्णय बराच काळ लाल शाईत होता. पण 'काथ्या'वाले फोन निम्म्याने तरी कमी झाले असतील, आणि जे येत होते त्यांचा सूर बदलला.

उरलेल्या निम्म्यासाठी मात्र मेंदीच्या आत शिरावं लागलं.

मेंदीचा रंग येतो तो लॉसोन नावाच्या रेणूमुळे. वाळलेल्या पानांत तो साधारण एक-दोन टक्केच असतो. ओल्या लगद्यातून तो सुटतो आणि केसातल्या केराटिन या प्रथिनाशी कायमचा जोडला जातो, म्हणून मेंदी धुऊन जात नाही, केसाबरोबर वाढून खाली सरकते. पानात लॉसोनबरोबर टॅनिनंही असतात. टॅनिन म्हणजे तुरटपणा, आणि तुरट द्रव्यं प्रथिनाला चिकटून बसतात. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस केस जरा कडक, ताठर लागणं हा मेंदीचा स्वभाव आहे. तेवढं आम्ही मान्य करतो आणि तसं छापतोही. दोन-तीन धुण्यांत ते जातं. 'आमच्या मेंदीने केस रेशमासारखे' असं लिहा म्हणून एक वितरक फार मागे लागले होते. आम्ही लिहिलं नाही, त्यांनीही मग माल उचलला नाही.

टॅनिनपेक्षा जास्त नुकसान बायका स्वतःच्या हाताने भांड्यात कालवतात. लिंबू हे त्यातलं पहिलं. लिंबाच्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), २ ते २.५ च्या आसपास असतो, निरोगी टाळूचा साधारण ५.५. रंग सुटायला सौम्य आंबटपणा मदत करतो हे खरं, पण ताजी, चांगली पूड साध्या पाण्यातही रंग देते. अख्ख्या लिंबांचा रस तासन्‌तास डोक्यावर ठेवून टाळूला खाज आणि केस राठ, वर पुन्हा मेंदीला दोष. कडक चहा-कॉफीने मेंदी गडद होते असा समज आहे; चहाने भर पडते ती मुख्यतः आणखी टॅनिनांची. दही आणि अंडं केस मऊ ठेवतील म्हणून घालतात. पण लॉसोनला प्रथिन हवंच असतं, तो भांड्यातल्या प्रथिनालाही धरतो, आणि केसांवर रंग फिका बसतो. मग रंग फिका म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा मेंदी! लोखंडी भांड्यात भिजवली की लोह आणि टॅनिन मिळून रंग काळपट होतो, त्याने कोरडेपणाचा प्रश्न सुटत नाही. आमचा सल्ला रटाळ आहे: कोमट पाणी, काचेचं किंवा स्टीलचं भांडं, बस.

लगदा डोक्यावर वाळू देऊ नका हे तर मी इतक्यांदा सांगितलंय की घरचे माझी नक्कल करतात. वाळला की तो केसाला खेचतो, खपल्या धरतो आणि सोडवताना केस तुटतो. वाळलेल्या लगद्यातून रंगही पुढे उतरत नाही. डोक्यावर प्लास्टिकची टोपी घाला, ओलावा टिकू द्या.

धुण्याची पद्धत आम्ही कितीतरी केसांवर बघून बघून ठरवली. नळाखाली नुसतं डोकं धरून चोथा निघत नाही. टबात किंवा बादलीत पाणी घेऊन केस त्यात बुडवायचे, बोटांनी हलके मोकळे करायचे, पाणी बदलायचं, असं पाणी जवळपास स्वच्छ दिसेपर्यंत. मग भरपूर कंडिशनर लावून, रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवत यायचं. कंडिशनरच का? त्यातले मुख्य घटक धन प्रभाराचे असतात आणि ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, म्हणून ते केसाला जाऊन बसतात, घर्षण कमी करतात आणि अडकलेला चोथा निसटू देतात. शाम्पू त्या दिवशी नको. रंग हवेत पक्का व्हायला दोन-तीन दिवस घेतो. पहिल्या दिवशीचा भगवा पुढे तांबूस-तपकिरी होतो. आणि चोळून चोळून केलेल्या शाम्पूने केसावरचं उरलंसुरलं स्निग्ध आवरणही जातं. "दोन दिवस शाम्पू नाही म्हणजे ऑफिसला कशी जाऊ?" असं विचारणाऱ्यांना मी शुक्रवारी संध्याकाळी मेंदी लावा म्हणते.

तेलाचाही एक घोळ आहे. पुष्कळ जणी कोरडेपणा टाळायला मेंदीच्या आधी चपचपीत तेल लावतात, त्या थरामुळे रंग नीट लागत नाही. तेल नंतर, रंग पक्का झाल्यावर. खोबरेल आम्ही सुचवतो त्याला आधार आहे: २००३ साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना होती, आणि केसातून प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी केलं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतं. डोकं धुण्याआधी काही तास लावा. धुतल्यावर ओलसर टोकांना दोन थेंब पुरतात. मात्र दुभंगलेली टोकं कुठल्याच तेलाने जुळत नाहीत, ती कापायचीच.

आमच्या विक्रीला सगळ्यात मोठा फटका बसला तो आमच्याच एका वाक्याने: 'दर वेळी मुळांनाच लावा.' केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पांढरं दिसतं ते तेवढंच. तरीही दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत थापत गेलं की टोकांवर थरावर थर बसतात, रंग विटकरी काळपट होतो आणि केस ताठर. टोकं मुळातच जुनी, झिजलेली, सच्छिद्र; रंगही तीच जास्त पितात. मुळांपुरती मेंदी म्हणजे पाकीट तिप्पट पुरणार, हे समजायला हिशेबनीस लागत नाही. ते वाक्य नको म्हणून मी बरीच अडून बसले होते. धाकटीने एवढंच म्हटलं की केस खराब झालेली बाई पुढचं पाकीट अजिबात घेणार नाही. छापलं. विक्री उतरली, मग सावकाश वर आली; आल्या त्या जुन्या बायकांच्या बहिणी आणि मैत्रिणी.

काळ्या रंगाची मागणी कायम असते. शुद्ध मेंदी काळी होत नाही. 'काळी मेंदी' म्हणून जे मिळतं त्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन हे कृत्रिम रंगाचं रसायन असतं, आणि पूड पाण्यात भिजवताच रंग उठावा म्हणून बेरियम पेरॉक्साइडसारखं ऑक्सिडीकरण करणारं द्रव्य. त्या द्रव्याने केस कोरडे पडतात आणि पीपीडीने काहींना जबर अ‍ॅलर्जी येते. अशा पुडीने झालेला त्रासही मेंदीच्याच खात्यावर जमा होतो, याचा मला राग आहे. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. त्यावर पुढे ब्लीच केलं तर उष्णता निर्माण होऊन केस तुटू शकतात. गडद हवा असेल त्यांना आम्ही निळीच्या पानांची पूड वेगळ्या पाकिटात देतो. मेंदी धुतल्यावर दुसरा थर म्हणून ती लावायची. नीळ मेंदीहून जास्त कोरडेपणा आणते, हे तिच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न विचारणारेही असतात, आणि ते आम्हाला आवडतं. युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षा वैज्ञानिक समितीने २०१३ मध्ये, लॉसोन १.४ टक्क्यांपर्यंत असलेली मेंदीपूड ठरावीक पद्धतीने केसांना वापरणं सुरक्षित मानलं. पण तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी मेंदी टाळावी, लहान मुलांना तर लावूच नये. रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. हे सांगितल्यावर एक-दोन पाकिटं परत येतात. येऊ देत.

सध्या धाकटीचं टेबल केसांच्या बटांनी भरलेलं असतं. जड पाणी वापरणाऱ्या, केस सरळ करून घेतलेल्या, ब्लीच केलेल्या, कुरळ्या केसांच्या, अशा बायकांना आम्ही थेट मेंदी विकत नाही. फणीत अडकलेले केस साठवून पाठवायला सांगतो. ती त्यांना मेंदी लावते, सुकवते, पुन्हा धुते, वाकवून बघते, आणि बट एका चिठ्ठीसह परत पाठवते. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसून राहतात, त्यामुळे काहींना मेंदीआधी ते काढणारा शाम्पू लागतो. काहींचं कुरळेपण मेंदीने थोडं सैल पडतं, ते कुणाला हवं असतं, कुणाला नको. काही चिठ्ठ्यांवर धाकटी सरळ 'लावू नका' लिहिते. त्यातल्या बऱ्याच जणी तरीही पाकीट मागतात, आणि मग फोनवर माझी आणि त्यांची हुज्जत चालते.