२१४, आणि बोटावरचा संत्र्याचा रस

सोमवार, सकाळ

मार्च संपत आलाय. मृग बहाराची शेवटची संत्री हातगाड्यांवर आहेत, पारा चाळिशीकडे सरकतोय आणि घरोघरी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागताहेत. घरच्या ग्लुकोमीटरला, म्हणजे रक्तातली साखर मोजणाऱ्या मशीनला, चकवणाऱ्या गोष्टी नागपुरात नेमक्या याच दिवसांत एकत्र येतात, म्हणून लिहून ठेवावंसं वाटलं.

आई-बाबांसाठी आणलेल्या मशीनवर घरातलं कुणीतरी सहज आपलं बोट टोचून बघतं आणि २१४ निघते. लगेच घरात दोन पक्ष पडतात. एकाच्या मते शुगर झालीच, दुसऱ्याच्या मते मशीन भंगार. खरं तर आधी विचारायचं ते एवढंच की बोटाला काय लागलं होतं?

संत्र्याच्या रसात १०० मिलीला साधारण २ ग्रॅम ग्लुकोज असतं. मशीनच्या मापात (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) ते झालं २०००. थेंब घेणाऱ्या पट्टीला, म्हणजे स्ट्रिपला, रक्त लागतं जेमतेम अर्धा ते एक मायक्रोलिटर. त्यात विसावा हिस्सा रस मिसळला तरी आकड्यात शंभराची भर पडते. फोडी सोलून तासाभरानं बोटं कोरडी वाटली तरी साखर तिथंच असते. स्पिरिटचा बोळा फिरवून ती पुरती जात नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. धुतल्यावर हात पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होतं आणि आकडा खोटाच कमी येतो. सुई बोटाच्या टोकाला न मारता कडेला मारायची, तिथे दुखतं कमी. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडा हलवायचा. लिंबासारखं बोट पिळलं की रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणीही बाहेर येतं आणि आकडा बिघडतो.

आता स्ट्रिपची डबी. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ती मर्यादा सकाळी दहालाच ओलांडली जाते. स्ट्रिपवरचं एन्झाइम उष्णतेनं आणि दमटपणानं मरतं, म्हणून कूलरच्या झोतात डबी उघडी ठेवणं हे डिक्कीइतकंच वाईट. फ्रीजही नको, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. डबी उघडली त्या दिवसाची तारीख पेननं वर लिहायची, कारण उघडल्यानंतरची मुदत वेगळी, काहींची जेमतेम तीन महिने.

एवढं सगळं सांभाळूनही मशीन लॅबशी तंतोतंत जुळत नाही. शंभराच्या वर १५ टक्के इकडे-तिकडे हे मानकातच मान्य आहे. लॅबमध्ये १२६ येणारं रक्त घरी ११० दाखवेल किंवा १४०. काठावरच्या आकड्यावरून घरी भांडण्यात म्हणूनच अर्थ नाही. पण धुतलेल्या हातानं, नव्या स्ट्रिपवर पुन्हा दोनशेच्या वर आलं, तर मशीनला दोष देणं थांबवायचं.

मंगळवार

वेळ. आकड्यासोबत ती लिहिलेली नसेल तर आकडा निम्मा मुका असतो.

फास्टिंग म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. ‘फक्त अर्धा कप चहा’ घेतला की फास्टिंग संपलं. पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, मोजायची ती पहिल्या घासापासून दोन तासांनी, शेवटच्या घासापासून नाही. सकाळी आठला तर्री-पोहे खाऊन पावणेनऊला बोट टोचलं तर पोह्यांची साखर रक्तात चढत असतानाच आपण तिला गाठतो. सावजीच्या जेवणाचं उलट. एवढ्या तेलानं पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे दोन तासांनी बरा दिसणारा आकडा तिसऱ्या-चौथ्या तासाला वर जाऊ शकतो.

रात्री न जेवताही पहाटे शुगर जास्त कशी, हा कोडं घालणारा प्रश्न. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. इन्सुलिन पुरेसं असेल तर ते निभावून नेतं. नसेल तर सकाळचाच आकडा आधी बोलतो. ताप, मोठा संसर्ग, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टेरॉइड यांनीही शुगर चढते. ‘दुखण्यावरची पुडी’ कुणी दिली असेल तर डॉक्टरांना तीही दाखवायची.

थांबायचं कधी नाही, तेही इथेच. आकडा ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, खोल-जलद श्वास, गुंगी किंवा तोंडाला गोडसर वास असेल, तर त्याच तासाला हॉस्पिटल. मशीनवर ‘हाय’ उमटलं तरी तसंच. बऱ्याच मशीनवर त्याचा अर्थ ६०० च्या वर असा असतो. वजन झपाट्यानं उतरलेलं, सारखं पाणी पिणारं, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठणारं पोर असेल, तर उद्यावर ढकलायचं नाही. शेजाऱ्याची मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी तर कुणालाच नको.

बुधवार, रात्री

निकाल लागतो तो शिरेतून काढलेल्या रक्तावर. फास्टिंग १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, तरी मधुमेह. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, ५.७ ते ६.४ टक्के तर उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. लक्षणं नसतील तर दोन चाचण्या मर्यादेबाहेर यायला हव्यात, एकीवर शिक्का मारत नाहीत. तपासणीआधी तीन-चार दिवस भात-गोड सोडून ‘चांगला’ रिपोर्ट आणणारे पुष्कळ. त्यात फसतं कोण, ते त्यांनाच विचारावं.

विदर्भात आणखी एक फट आहे. इथे सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच. एचबीएवनसी लाल पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावर बेतलेली चाचणी. सिकलसेलच्या आजारात त्या पेशी लवकर मोडतात, तेव्हा शुगर जास्त असूनही एचबीएवनसी साळसूद दिसते. लोह कमी असलेल्या बाईत उलट, ती उगाच वर येते. नुसता सिकलसेलचा वाहक असला तरी काही यंत्रांवर आकडा बिघडतो. म्हणून घरात कुणाला सिकलसेल असेल तर मेडिकल-मेयोसारख्या नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात जा की गल्लीतल्या लॅबमध्ये, रक्त देण्याआधीच सांगायचं. मग डॉक्टर फास्टिंग आणि ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीवर भर देतात किंवा फ्रुक्टोसामीन ही लाल पेशींवर न बेतलेली चाचणी सांगतात.

आणि सकाळी लॅबला निघताना संत्र्याची पिशवी घरी ठेवायची. खायची तर रक्त देऊन आल्यावर.