तिनेच तर सांगितलं होतं

"पण तिनेच सांगितलं होतं ना जाळायला!"

भाच्याने कंट्रोलर बाजूला ठेवला, डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी. 'पोर्टल' हा व्हिडिओ गेम खेळत होता. गुलाबी बदामाचं चित्र असलेला तो ठोकळा अख्खी लेव्हलभर सांभाळला, मग ग्लॅडॉसच्या, म्हणजे गेममधल्या खलनायिका संगणकाच्या, हुकमावरून भट्टीत टाकला. लगेच तिचा आवाज आला: इतक्या चटकन आजवर कुणीच टाकला नव्हता.

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. करायला तिने लावलं, अपराधी वाटतंय याला.

हा गेम २००७चा. तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या लेखकांनी आधी तिची वाक्यं मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवाजात तात्पुरती टाकली होती. तो सपाट सूर त्यांना इतका भावला की तिला आवाज देणाऱ्या एलन मॅक्लेन यांना त्याचीच नक्कल करायला सांगितलं. या बाई मुळात ऑपेरा गायिका! जिवंत गळ्यातून आलेला निर्विकार आवाज, म्हणूनच तो अंगावर येतो.

शेवटापर्यंत ग्लॅडॉस समोरही येत नाही. नुसती बोलते. कौतुक करते, केकचं आमिष दाखवते, मध्येच टोचते. आणि २०११च्या दुसऱ्या भागात हीच बाई बटाट्यावर चालणाऱ्या चिपमध्ये अडकते, तेव्हा आपल्याला तिची चक्क दया येते. हे लिहिणाऱ्यांचं मोठं यश आहे, माझ्या मते तरी.

आरडाओरडा करणारे खलनायक पुष्कळ पाहिले. शांतपणे बोलून आपल्यालाच दोषी ठरवणारं दुसरं कोण आठवतं तुम्हाला?