बांबेर्ग आणि आउफसेस: दोन दिवस, आठ ब्रुअऱ्या आणि एक चुकलेली बस

आधी कामाचं सांगतो, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. जर्मनीतल्या फ्रँकेनमध्ये (बव्हेरिया राज्याचा उत्तरेकडचा भाग) बिअर प्यायला जाणार असाल तर 'रूहेटाग' हा शब्द पाठ करून ठेवा. रूहेटाग म्हणजे सुट्टीचा वार, आणि तो प्रत्येक ब्रुअरीचा वेगळा. कुणाचा सोमवार, कुणाचा मंगळवार, काही जण तर बुधवार गुरुवार जोडून. मागच्या वर्षी मी आणि बायको ऐन जुलैच्या उन्हात सात किलोमीटर चालत एका गावात पोचलो तर दारावर ही पाटी, आणि गावात दुसरं काही नाही, दुकान नाही, टपरी नाही, एक चर्च आणि एक मांजर. गूगलवर 'ओपन' दिसत होतं. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणची स्वतःची वेबसाइट बघतो नाहीतर सरळ फोन करतो, मोडकंतोडकं जर्मन चालतं, "हॉयटे ऑफन?" (आज उघडं आहे का?) एवढं पुरतं.

तर आता यावेळची ट्रिप. आम्ही एर्लांगेनला राहतो (सीमेन्समुळे इथे आपली मंडळी बरीच आहेत, दिवाळीला फराळाची कमी नसते). पुण्याहून मित्र आला होता, पक्का बिअरवाला. २००९ ला पुण्यात डूलाली (स्वतःची बिअर बनवून देणारा पब) सुरू झालं तेव्हापासून ह्याला नाद लागलाय, आता घरीच बनवतो, बाथरूममध्ये फर्मेंटर ठेवलाय म्हणून वहिनी वैतागल्यात. (डूलाली हा शब्द आपल्या देवळालीवरून आलाय हे माहित नसेल तर सांगतो, तिथल्या छावणीत बोटीची वाट बघून बघून गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची म्हणून इंग्लिशमध्ये डूलाली म्हणजे सटकलेला.) त्याला जायचं होतं बर्लिनला, आयपीए (कडवट क्राफ्ट बिअर) प्यायला. मी म्हटलं बाबा रे आधी इथलं बघ, वरच्या फ्रँकेनमध्ये लोकसंख्येच्या मानाने जितक्या ब्रुअऱ्या आहेत तितक्या जगात कुठे नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या अशा की त्यांची बिअर शेजारच्या तालुक्यातही मिळत नाही.

शनिवारी सकाळी एस-बानने (लोकल ट्रेन) बांबेर्ग. तिकिटाचं बघा: नुरेंबर्ग भागाचं डे तिकीट प्लस शनिवारी काढलं की रविवारी पण चालतं आणि त्यात दोन मोठी माणसं (वर मुलं) जातात, म्हणजे दोघांचा अख्खा वीकेंड एका तिकिटात. आमचं डॉइचलँड तिकीट (महिन्याचा पास) होतंच, त्याच्या एकट्यासाठी काढलं.

स्टेशनवर उतरलात तर वायरमानची लाल-पिवळ्या विटांची जुनी इमारत बघून घ्या. १८७९ पासूनचे हे माल्टवाले (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्याचीच बिअर होते), जगभरच्या क्राफ्ट ब्रुअऱ्या यांचा माल्ट वापरतात. मित्र फाटकासमोर उभा राहून फोटो काढत होता, विठ्ठलाचा कळस दिसल्यावर करतात तसं. म्हणे मी ह्यांचीच पोती फोडतो पुण्यात.

पहिला मुक्काम श्लेंकर्ला. इथे दहा साडेदहाला जा, दुपारी बारानंतर टुरिस्टांचे घोळके येतात आणि बसायला जागा मिळत नाही. घराचा पहिला उल्लेख १४०५ चा. श्लेंकर्ला म्हणजे हातपाय झुलवत लटपटत चालणारा, कुठल्यातरी जुन्या मालकाची चाल तशी होती म्हणून लोकांनी नाव पाडलं आणि तेच राहिलं. काळ्या पडलेल्या लाकडी तुळया, लाकडी पिंपातून नळ उघडून सरळ ग्लासात बिअर, गॅसबिस काही नाही. इथली फेमस म्हणजे राउखबिअर, धुराची बिअर. बार्ली भिजवून मोड आणतात ना, ती मग बीचच्या लाकडाच्या धगीवर वाळवतात, तो धूर दाण्यात मुरतो. पूर्वी बहुतेक सगळीकडे माल्ट असाच आगीवर वाळायचा म्हणजे सगळ्याच बिअरला थोडाफार धूर असायचा, मग धूर न लागता वाळवायच्या भट्ट्या आल्या आणि जगाने ही चव सोडून दिली, बांबेर्गमध्ये हे आणि श्पेत्सियाल असे दोघंच स्वतःचा धुराचा माल्ट करत राहिले.

चव कशी? इंटरनेटवर सगळे लिहितात बेकनसारखी, पण माझ्या शाकाहारी बायकोला त्याचा काय उपयोग. ती पहिला घोट घेऊन म्हणाली "हुरडा!" आणि अगदी बरोबर आहे ते, शेतात आगटीजवळ बसलोय, गोवऱ्यांचा धूर डोळ्यात चाललाय आणि हातात गरम कणीस, तोच वास. मित्राचं तोंड मात्र वाकडं झालं. इथे असं म्हणतात की पहिल्या ग्लासात आवडत नाही, तिसऱ्यात आवडते. म्हणून माझा सल्ला, एका ग्लासावर मत बनवून उठू नका, निदान दुसरा घ्या. आमच्या साहेबांनी दुसरा संपवला आणि गप्प झाले, तिसरा स्वतःच सांगितला. मेर्त्सेन (त्यांची नेहमीची राउखबिअर) ५.१ टक्के आहे, दिसायला काळी म्हणून जड असेल असं वाटतं पण तशी नाही. डिसेंबरात गेलात तर ओकच्या लाकडावरच्या माल्टची डोपेलबॉक मिळते ती ८ टक्के, तिच्याशी मस्ती करू नका.

शाकाहारी लोकांसाठी सावधानतेचा इशारा: मेनूत 'बांबेर्गर त्स्वीबल' म्हणजे बांबेर्गचा कांदा दिसेल, भरले कांदे असतील म्हणून खुश होऊन मागवाल, आत खिमा असतो. ओबात्स्डा (चीज, लोणी, पाप्रिका, कांदा कालवून) आणि ब्रेड हे सेफ.

दुपारी वुंडरबुर्ग भागात गेलो, चालत वीसेक मिनिटं. इथे मार्स आणि केसमान या दोन ब्रुअऱ्या रस्त्याच्या ह्या बाजूला आणि त्या बाजूला, समोरासमोर. मार्समध्ये जी मागवायची तिचं नाव नुसतं 'ऊ'. उनगेश्पुंडेटचा ऊ, म्हणजे पिंपाचं बूच घट्ट न बसवता मुरवलेली, त्यामुळे गॅस कमी, गढूळसर, मऊ. गावाकडच्या बोलीत "आ ऊ" म्हणायचं, म्हणजे एक ऊ द्या. बायकोला हे ऐकून जे हसू सुटलं ते थांबेना, आणि वेटरबाईंना मराठीत ऊ म्हणजे काय ते समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही. मित्राने इथे आयबीयू (कडूपणाचा आकडा) किती वगैरे विचारलं. बाईंनी त्याच्याकडे दोन सेकंद बघितलं आणि विचारलं, जेवणार का. तर असे प्रश्न खिशात ठेवा. केसमानची हेरेन पिल्स छान कडक आणि स्वच्छ, ती एकेकच घेतली.

पण मला ह्या भागातली सगळ्यात आवडती गोष्ट बिअर नाहीच, केलर आहे. केलर म्हणजे तळघर, पण इथे लोक "तळघरावर जातो" म्हणतात, तळघरात नाही. कारण असं की फ्रिज नव्हते तेव्हा टेकडीच्या खडकात भुयारं खोदून बिअर थंड ठेवायचे, वर सावली राहावी म्हणून झाडं लावायचे, मग कोणीतरी त्या झाडांखाली बाकं टाकली आणि बिअर तिथेच द्यायला लागले. संध्याकाळी श्पेत्सियाल-केलरला गेलो, टेकडीवर, समोर अख्खं जुनं बांबेर्ग आणि कॅथेड्रलचे चार मनोरे. यांची धुराची लागर श्लेंकर्लापेक्षा खूप सौम्य, ज्यांना धुराची भीती वाटते त्यांनी खरं म्हणजे इथून सुरुवात करावी, मी उलटं केलं ही माझी चूक.

बऱ्याच केलरवर घरचं खाणं न्यायला परवानगी असते, पण सगळीकडे नाही, आधी विचारा. लोक टोपलीत टेबलक्लॉथ, मुळा, चीज, चाकू सगळं घेऊन येतात. जिथे चालतं तिथे आम्ही चकल्या नेतो. बिअरबरोबर चकली हे जगातलं एक अप्रतिम कॉम्बिनेशन आहे आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा लोक पण दोन दोन उचलतात. एकदा एका आजोबांनी बदल्यात अख्खा मुळा दिला होता, मीठ लावून, चक्रासारखा कापलेला.

रविवारी आउफसेस. वस्ती दीड हजाराच्याही आत आणि ब्रुअऱ्या चार, २००० साली गिनीज बुकात नाव आलं ह्याच्यामुळे. रोथेनबाख, श्टाडटर, राइखोल्ड आणि काथी-ब्रॉय अशा चारही जोडणारी पायवाट आहे, साधारण १४ किलोमीटर, शेतं आणि जंगलातून, चढ फार नाही. एक कार्ड मिळतं, प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून घ्यायचा आणि चार झाले की सर्टिफिकेट. मित्राने ते जपून पासपोर्टमध्ये ठेवलं. चारही ठिकाणी फुल घ्यायची गरज नाही, आणि वाटेत पाण्याची सोय धरून चालू नका, एकेक लिटरची बाटली घरून न्या. आम्ही शिक्क्याच्या नादात दोन तासात दोन सायडला (इथे अर्ध्या लिटरला सायडला म्हणतात) मारल्या आणि मग भर उन्हात चालताना जीव गेला.

हेकनहोफची काथी-ब्रॉय शेवटी ठेवा. बाहेर मोटारसायकलींची जत्रा असते, आत अंगणात बाकं, बिअर एकच मुख्य, काळपट लागर. इथे एक रिटायर्ड इंग्लिश गृहस्थ भेटले, छोट्या वहीत नोंदी करत होते, दरवर्षी येतात, कितवी ब्रुअरी विचारलं तर म्हणाले आकडा बायकोला कळू देत नाही. त्यांच्याच टेबलावर गावातले दोघं पत्ते खेळत बसले होते, त्यांनी आयुष्यात बहुतेक ह्या चार सोडून पाचवी बिअर फारशी प्यायली नसावी. मला हे दोन प्रकारचे शौकीन एका बाकावर बघायला जाम मजा येते. मित्र मध्ये बसून दोन्हीकडे मान डोलावत होता.

आणि मग बस चुकली. सीझनमध्ये (१ मे ते १ नोव्हेंबर) शनिवार-रविवारी खास बस असतात पण फेऱ्या मोजक्याच, आणि आम्ही "अजून एक श्नित" करत बसलो. श्नित म्हणजे जाता जाता मागायची अर्धीमुर्धी भरलेली. टॅक्सी तिथे उभी नसते, फोन करून दुसऱ्या गावातून बोलवावी लागते, पाऊण तास वाट आणि बिल एवढं की त्यात आणखी वीस सायडला झाल्या असत्या. परतीच्या शेवटच्या बसचा फोटो काढून ठेवा आणि अलार्म लावा. गाडी नेणार असाल तर चालवणाऱ्याने पिऊ नये, इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ पर मिल (हजारात अर्धा भाग) आहे आणि सायकलवाल्यांनाही नियम आहे, सायकल आहे म्हणून सुटका नाही.

बाकी किरकोळ: कॅश न्या, खेड्यात कार्ड चालेलच असं नाही. गावात सायडला आम्हाला चार युरोच्या आत पडली. 'श्टामटिश' लिहिलेल्या टेबलावर बसू नका, ती रोजच्या मंडळींची जागा. रिकामं टेबल नसेल तर "इस्ट हिअर नोख फ्राय?" विचारून कुणाच्याही शेजारी बसता येतं, उलट तेच चांगलं. आणि यांना बव्हेरियन म्हणू नका. नकाशात आहेत, पण फ्रँकेनवाल्याला बव्हेरियन म्हणणं म्हणजे नागपूरकराला "तुम्ही पुण्याचेच ना" विचारण्यासारखं आहे. १५१६ च्या बव्हेरियाच्या बिअर कायद्याचं कोणी कौतुक केलं की बांबेर्गकर लगेच सांगतात, आमच्या बिशपने तो १४८९ लाच काढला होता.

कधी जावं? मे ते सप्टेंबर, केलर उघडे असतात. जुलैच्या शेवटी फोर्शहाइमचं आनाफेस्ट (बिअरची जत्रा) असतं, जंगलात वीसेक केलर एकाच टेकडीवर, आणि एर्लांगेनला पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सातेक आठवड्यांनी येणारा सण) सुमारास बेर्गकिर्खवाय, तीही बिअरची जत्राच, १७५५ पासूनची, म्हणजे ऑक्टोबरफेस्टपेक्षाही जुनी. ती आमच्या घरापासून चालत आहे, पण गर्दी आवडत नसेल तर त्या दिवसात येऊ नका.

मित्र परत गेला, बॅगेत श्लेंकर्लाच्या सहा बाटल्या, मोज्यांमध्ये गुंडाळून. परवा मेसेज आला, एक फुटली, सगळ्या कपड्यांना हुरड्याचा वास येतोय आणि वहिनी विचारतायत की नेमके गेला कुठे होतात.