मुकुट, अपडेट ७: अकरा आंधळे खडे

मागच्या वेळी मोठ्या तोंडाने लिहिलेलं ना की स्टेजसाठीच्या मुकुटाचा मधला काचेचा खडा बसला, आता बाजूचे अकरा म्हणजे एका संध्याकाळचं काम. बसवले, सुपरग्लूने, आणि धूळ नको म्हणून मुकुट लगेच डब्यात बंद केला. सकाळी बघतो तर अकराच्या अकरांना मोतीबिंदू. ग्लूची वाफ कोंडली की काचेवर पांढरी बसते हे माहीत होतं, तरी केलं. मग ॲसिटोनने पुसलं, पांढरं गेलं, पण कडेने ॲसिटोन मागे झिरपलं आणि खड्यामागची चकचकीत फॉइलच सुटली. सात खडे कायमचे गेले.

वैतागून जुन्या पद्धतीकडे वळलो. पॅरिसचा स्ट्रास, १७३४ मध्ये राजाचा जवाहिर झालेला, शिसं जास्त असलेल्या काचेचे 'हिरे' करायचा. त्या काळच्या नकली खड्यांना मागे फॉइल आणि कोंदणाची पाठ बंद. मला आजवर ती बंद पाठ म्हणजे मागची लपवाछपवी वाटायची, पण ओल शिरली की फॉइल काळी पडते, म्हणून ती बंद! मग मीही फॉइल सुटी ठेवली, कोंदणाची कड घोटून खड्यावर दाबली, गोंदाचा थेंब नाही. पहिलाच असा बसला की दहा मिनिटं नुसता हलवत बसलो. (तयार फॉइलवाले खडे घेताना आधी नखाने खरवडून बघा, माझ्या सप्लायरच्या खड्यांचा सोनेरी थर निघतो.)

नंतर अंधाऱ्या खोलीत दहा पावलांवरून बघितलं. रिंग लाइटखाली सपाट, मेणबत्तीखाली जिवंत. मऊ पसरलेला उजेड सगळ्या पैलूंवर सारखाच पडतो, बारीक हलती ज्योत मात्र पैलूपैलूत वेगळी चमकते. म्हणजे स्टेजचा खडा मेणबत्त्यांच्या झुंबराखाली वेगळा आणि १८३७ च्या लाइमलाइटखाली (चुना तापवून मिळणारा स्टेजचा प्रखर उजेड) वेगळा दिसणार, आणि मी तो रिंग लाइटखाली जोखत होतो! आता बारीक पैलूंचे खडे बाद, मोठे मोजके पैलूच, लांबून तेच दिसतात.

त्या सातांतले उरलेले सहा तसेच करणार होतो, पण लिहितालिहिता सुचलं: १८८२ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात 'आयोलँथी' या संगीत नाटकातल्या पऱ्यांच्या केसांत बॅटरीवरचे दिवे होते. मधल्या खड्यामागे एक बारीक पिवळसर एलईडी टाकला तर? पण मग मागची फॉइल काढावी लागेल, आणि पाठ बंद ठेवून वायर बाहेर कुठून काढू? कुणी केलंय का असं?