शिराझची नोंदवही: चौथा महिना, नववी बाटली

वर्षभर शिराझ या लाल वाइनच्या एकाच द्राक्षाला धरून राहायचं, असं जानेवारीत ठरवलं होतं. एप्रिल संपत आला. काल नववी बाटली उघडली आणि शिराझमधला मिरीचा वास मला पहिल्यांदा सापडला!

आधीच्या आठही नोंदींत ‘मिरी नाही’ असंच लिहिलंय. हा वास कल्पनेतला नाही. रोटंडोन नावाचा घटक शिराझच्या सालीत असतो आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या काळ्या मिरीतही तोच असतो. थंड हवेत पिकलेल्या घडांत तो जास्त, उन्हात तापलेल्या घडांत कमी. म्हणून मी नाशिकच्या उन्हाला बोल लावून मोकळा झालो होतो. पण तिकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहार छाटणी. घड थंडीत पोसतात आणि काढणी जानेवारी ते मार्च. गडबड माझ्याच घरात होती.

‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. ठाण्यात माझ्या कपाटातली वाइन ३१ अंशांवर निघाली. इतक्या उष्ण वाइनमध्ये अल्कोहोल आधी नाकात शिरतं आणि बाकीचं झाकून टाकतं. काल बाटली दीड तास फ्रिजमध्ये ठेवली, १७ अंशांवर आणली, मगच ओतली.

दिंडोरीकडची, ओकच्या पिंपात न मुरवलेली. कडेला जांभळी झाक. वास आधी पिकल्या जांभळाचा, मागून करवंद. पेला फिरवत पाचेक मिनिटं थांबलो, तेव्हा मिरी आली, नुकती भरडल्यासारखी. आंबटपणा आहे, पण दात आंबत नाहीत.

तुरटपणाबद्दल मात्र जुन्या नोंदी सुधारायला घेतल्यात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते ती एक तऱ्हा. सुपारीने घशाला तोठरा बसतो ती दुसरी. दोन्हींपुढे मी नुसतं ‘टॅनिन’, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, एवढंच लिहीत होतो. कालची जांभळाची. मार्चमध्ये मेव्हण्याने लियोंहून आणलेली कॉर्नास, म्हणजे फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावची लाल वाइन, सुपारीची होती. कॉर्नासमध्ये सिरा, म्हणजे आपलं शिराझच, दुसरं द्राक्ष चालत नाही. इतकी चांगली बाटली मी तापलेलीच प्यायलो, याची चुटपुट लागून राहिलीय.

हिनेही तोच पेला हुंगला. जांभूळ लगेच ओळखलं, मिरी काही केल्या येईना. साधारण पाचांतल्या एकाला रोटंडोनचा वास येतच नाही. खलबत्त्यात मिरी कुटून दिली तर ती तिला बरोबर कळली, कारण मिरीत इतरही वास असतात. त्यामुळे एकत्र चाखायला बसाल तेव्हा कुणाला मिरी लागली नाही, तर त्याला नवखा समजू नका.

उरलेली अर्धी बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. आज संध्याकाळी पुन्हा १७ अंशांवर घेतली. जांभूळ बरंच मागे गेलंय, मिरी तशीच आहे.